फोटोखाली नाव कोणाचं?

(वस्तीच्या समाजमंदिरात भरलेल्या युवक अभ्यासवर्गातलं भाषण. बोललं तसंच, थोडं आवरून छापलं आहे.)



फोटोतून गोष्ट सांगायची तर आखणी कशी करायची, आणि आधीच्या फोटोग्राफरांकडून काय शिकायचं, यावर बोल असं मला सांगण्यात आलंय. कविता म्हणायला सांगितली असती तर दोन मिनिटांत मोकळा झालो असतो. पण गेल्या बैठकीत ठरलं की गोदी कामगारांची गोष्ट आपण फोटोंतून उभी करायची. त्या गोष्टीत मीच एक हमाल आहे. तेव्हा कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क मला आहे असं धरून चालतो.

आधी एक प्रश्न. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. प्रत्येकात हजार-दोन हजार फोटो असतील. मोर्च्याचे, जयंतीचे, चैत्यभूमीचे, पुतण्याच्या बारशाचे. मग त्यातून गोष्ट का होत नाही? कारण तो ढीग आहे. जहाजातून माल उतरवला आणि धक्क्यावर नुसता टाकला, तर त्याला माल पोचला असं कोणी म्हणत नाही. कोणाचा, कुठून आला, किती नग, कुठं जायचा, हे टॅली क्लार्क लिहितो तेव्हा त्याचा हिशेब लागतो. आपल्यात फोटो काढणारे बक्कळ झालेत. टॅली लिहिणारा कोणी नाही.

आणि आपले फोटो कोणी काढलेच नाहीत असंही नाही. ढिगानं काढलेत. ६ डिसेंबरला दादरला लाखो माणसं येतात. बरेचदा छापून काय येतं? वरून काढलेली गर्दी. माणूस मुंगीएवढा. गटारात उतरलेला माणूस छापून येतो, छातीपर्यंत घाणीत, आणि खाली ओळ असते, 'एक सफाई कामगार'. एक म्हणजे कोण? त्याच्या आयबापानं त्याचं बारसं केलं नव्हतं काय? मंत्र्याचा फोटो छापताना डावीकडून तिसरे कोण, चौथे कोण, मागं अर्धं डोकं दिसतंय ते कोण, सगळं लिहितात. आमच्या वेळेला मात्र यांच्या शाईला दुष्काळ पडतो.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिकेत १९३६ साली मंदीच्या दिवसांत डोरोथिया लँग नावाची बाई सरकारी खात्यासाठी फोटो काढत फिरत होती. कॅलिफोर्नियात निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिनं एका आईचे मोजके फोटो काढले. दोन पोरं आईच्या खांद्यांवर तोंड लपवून उभी, एक तान्हं मांडीवर. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी तो एक. वर्तमानपत्रात बातमी आली, सरकारनं त्या तळावर धान्य पाठवलं. ती बाई तोवर पुढं निघून गेली होती. लँगनं तिचं वय विचारलं होतं, बत्तीस. नाव विचारलं नाही. बेचाळीस वर्षं ती बाई नुसती 'स्थलांतरित माता' होती. १९७८ साली एका वर्तमानपत्रानं तिला शोधलं तेव्हा कळलं, तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, आणि ती चेरोकी, म्हणजे तिथली मूळनिवासी. लँगनं लिहून ठेवलं होतं की गाडीचे टायर विकून यांनी अन्न घेतलं. घरच्यांचं म्हणणं, आम्ही असले टायर विकलेच नाहीत. फोटो जगभर फिरला आणि त्या बाईला त्यातून दमडी मिळाली नाही.

मी लँगला शिव्या द्यायला हे सांगत नाही. बाई चांगली होती, गरिबाच्या बाजूची होती. म्हणूनच सांगतो. चांगल्या मनाचा माणूससुद्धा घाईत असला की असं होतं. आणि आपण तर कायम घाईत. एक पाळी संपवून दुसरीकडं पळायचं, मधल्या वेळात क्रांती.

आता ज्याच्याकडून मी सगळ्यात जास्त घेतलं त्याच्याकडं येतो. गॉर्डन पार्क्स. काळा माणूस, कॅन्सस राज्यातला, जन्म १९१२, पंधरा भावंडांत धाकटा. हायस्कूलही पुरं झालं नाही. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वेटर होता. प्रवाशांनी टाकून दिलेल्या मासिकांत त्यानं मंदीतल्या मजुरांचे फोटो पाहिले आणि गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला जुना कॅमेरा घेतला. पुढं त्यानं कॅमेऱ्याला हत्यार म्हटलं, गरिबीशी आणि वर्णद्वेषाशी भिडायचं हत्यार. त्या लोकांच्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरचं नाव पडलं हे तुम्हाला माहीत आहे. १९७० साली लाइफ मासिकासाठी ब्लॅक पँथरांचे फोटो यानंच काढले. म्हणजे नातं जुनं आहे.

१९४२ साली हा वॉशिंग्टनला त्याच सरकारी खात्यात लागला, जिथं लँग होती. देशाची राजधानी. पहिल्याच दिवशी त्याला हॉटेलात, दुकानात, थिएटरात काळा म्हणून हाकललं. डोकं फिरलं त्याचं. साहजिक आहे. त्याचा साहेब रॉय स्ट्रायकर. त्यानं सांगितलं, आपल्या इमारतीत एक बाई झाडू मारते, तिच्याशी जाऊन बोल. फोटो काढ असं नंतर. आधी बोल.

ती एला वॉटसन. सरकारी कचेरी झाडणारी. तिचा बाप गोऱ्यांच्या झुंडीनं मारलेला, नवरा गोळी लागून मेलेला. हे पार्क्सला कळलं कारण तो बसला आणि त्यानं विचारलं. मग त्यानं तिला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका हातात झाडू, बाजूला फरशी पुसायचा मॉप. शेतकरी आणि त्रिशूळासारखा दाताळा असलेलं एक गाजलेलं अमेरिकन चित्र आहे, ग्रँट वुडचं, १९३० सालचं. त्याचंच नाव या फोटोला चिकटलं, 'अमेरिकन गॉथिक'. तो एक फोटो सगळे दाखवतात. पण लेको, खरं काम त्याच्यापुढं आहे. पार्क्स पुढचे काही आठवडे तिच्या मागं फिरला. तिचं घर, तिची नातवंडं, तिचं देवघर, तिचं चर्च, तिचा शेजार. झेंड्यापुढचा फोटो म्हणजे घोषणा. नंतरचे फोटो म्हणजे एला वॉटसन नावाची बाई. घोषणा आपल्याला येतात. अजून शिकायचं आहे ते दुसरं.

तर आपल्या कामाची आखणी. कॅमेरा बाजूला ठेवा, वही घ्या. वहीत पहिल्यांदा एक वाक्य लिहायचं, की ही गोष्ट कशाची. 'गोदी कामगारांचं जीवन' हे वाक्य चालणार नाही. ते शाळेच्या निबंधाचं नाव झालं. मी माझं वाक्य सांगतो, पटलं तर घ्या: नोंदीतला कामगार बिननोंदीचा कसा झाला.

थोडं उलगडून सांगतो, कारण इथं निम्म्या लोकांनी गोदी फक्त भिंतीबाहेरून पाहिली आहे. पूर्वी जहाजाच्या फाळक्यातून पोतं वर यायचं ते टोळीच्या हातांनी. आकडा, स्लिंग, विंच, आणि पाठ. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि त्याखाली डॉक लेबर बोर्ड आलं. त्याआधी रोज सकाळी गेटावर गुरांच्या बाजारासारखी निवड. बोर्डानं कामगाराचं नाव रजिस्टरात घातलं, पाळी लावली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे दिले. हे लढून मिळालं, कोणाच्या मेहेरबानीनं नाही. मग पत्र्याचा मोठा डबा आला, कंटेनर. १९८९ साली खाडीपलीकडं न्हावाशेवा सुरू झालं. १९९४ साली मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन केलं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या भराव घालून बुजवल्या. इंदिरा गोदीत अजून लोखंड येतं, मोटारी जातात, कॉइल बांधायला आणि सोडायला माणूस लागतोच. पण तो माणूस आता ठेकेदाराचा. काम असलं की फोन, नसलं की कोण तू.

म्हणजे एकाच घरात आजोबा रजिस्टरातला आणि नातू फोनवरचा. ही गोष्ट दिसते. हिचे फोटो निघतात. आजोबाचा बिल्ला किंवा हजेरीचं कार्ड ज्याच्या घरात जपून ठेवलंय त्याचा फोटो. नातवाचा मोबाईल, ज्यावर फक्त मुकादमाचे मिस्ड कॉल. खिळ्याला टांगलेला, आता कामाचा नसलेला आकडा. आजीचा हात, कारण डबा पहाटे तिनंच भरलेला. सहा वाजता बसस्टॉपवर फोनची वाट बघत उभी असलेली पोरं, आणि नऊ वाजता फोन न आल्यावर तीच पोरं. हे दोन फोटो शेजारी लावले की खाली एक शब्द लिहायची गरज नाही. नाव सोडून.

असे वीस-पंचवीस फोटो आधी वहीत काढायचे, शब्दांत. मग बाहेर पडायचं. वहीतले निम्मे मिळणार नाहीत, न लिहिलेले दुसरेच मिळतील. मिळू देत. पण वही नसेल तर जे चकाकेल ते टिपाल. सूर्यास्त, क्रेनच्या सावल्या, गंजलेली साखळी. गंजलेल्या साखळीचे फोटो या शहरात पुष्कळ झालेत.

कोणी म्हणेल, गोदीच्या आतले फोटो का नाहीत? कारण आत परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही. चोरून काढलात तर तुम्ही सुटाल, ज्यानं तुम्हाला आत नेलं त्याचा गेटपास जाईल. त्यासाठी रडत बसू नका. गेट हीच आपली हद्द धरा. माणूस आत जाताना कसा आणि बाहेर येताना कसा, ही काय थोडी गोष्ट आहे?

आत शिरायची हौस ज्यांना आहे त्यांनी लुईस हाइन बघावा. न्यूयॉर्कचा शाळामास्तर. १९०८ पासून बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीसाठी त्यानं कापडगिरण्या, खाणी, काचेचे कारखाने पालथे घातले. मालक आत सोडेनात म्हणून कधी बायबल विकणारा झाला, कधी आग-तपासनीस. पोराची उंची आपल्या जाकिटाच्या बटणावर मोजायचा, खिशात हात घालून आतल्या आत टिपून घ्यायचा. नाव, वय, गाव, किती तास, किती पगार. म्हणून मालकांना त्याचे फोटो खोटे ठरवता येईनात. फोटोइतकीच त्याची वही भारी होती. पण भुलू नका. १९१६ साली कायदा झाला, १९१८ साली कोर्टानं उडवला, टिकाऊ कायदा यायला १९३८ उजाडलं. ज्या पोरांचे फोटो होते ती तोवर बाप झाली होती. फोटोनं उद्या क्रांती होईल असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

ब्राझीलचा साल्गादो २०२५ साली वारला. आधी अर्थतज्ज्ञ होता. जगभरच्या अंगमेहनतीचे फोटो त्यानं कित्येक वर्षं काढले, १९९३ साली त्याचं मोठं पुस्तक आलं. सोन्याच्या खाणीत पोती पाठीवर घेऊन शिडी चढणारी माणसं, चितगावला जहाज तोडणारे. आपल्या दारूखान्यातही जहाजं तुटायची, तेव्हा हे परकं नाही. मी ते फोटो पाहिले तेव्हा माझी पाठ दुखली, इतके खरे आहेत. तरी माझं मत सांगतो. ते फार देखणे आहेत. त्यात पाठ दिसते, घाम दिसतो, घामाला चांदीचा वर्ख लागतो. पोत्याखालचा माणूस कोण ते कळत नाही. कष्टाची आरास मांडणाऱ्या कविताही मला आवडत नाहीत. काही मित्रांना हे पटणार नाही. भांडू नंतर.

सुधारक ओलवे आपल्याच मुंबईतले. वर्तमानपत्रात फोटोग्राफर. महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, काळ्या-पांढऱ्यात. २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना नाक दाबावंसं वाटतं आणि मग लाज वाटते, कारण ज्याचा फोटो आहे त्याला नाक दाबायची सोय नाही. तमिळनाडूचा पलनी कुमार बघा. आई मासे विकणारी. सफाई कामगारांवरची दिव्या भारतीची 'कक्कूस' ही फिल्म २०१७ साली आली, तिचा कॅमेरा त्याचा. तो आता सफाई कामगारांच्या आणि मच्छीमारांच्या पोरांच्या हातात कॅमेरा देतो, त्यांना शिकवतो. हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. आपणही एक-दोन कॅमेरे गोदीवाल्यांच्या पोरांकडं द्यायचे. पोरगी आपल्या बापाचा जो फोटो काढेल तो तुम्हाला-मला जन्मात मिळणार नाही, कारण आपल्याकडं बघताना बाप छाती काढून बसतो.

आता अवघड भाग. गेल्या बैठकीत एका साथीनं मुद्दा काढला की गटारात मेलेल्यांचे फोटोही लावू, लोकांना हादरवू. राग समजतो. २०१३ चा कायदा आहे, हातानं मैला साफ करून घेणं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारबळीच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली ते तीस लाख केले. तरी माणसं उतरतात आणि मरतात. पण प्रेताच्या फोटोला माझा विरोध आहे. कारण सांगतो.

जपानमध्ये मिनामाता नावाचं मच्छीमारांचं गाव. चिस्सो कंपनीच्या कारखान्यानं पाऱ्याचं विष खाडीत सोडलं. मासे खाणारी माणसं लुळी पडली, आईच्या पोटातली पोरं तशीच जन्माला आली. १९७१ साली युजीन स्मिथ आणि त्याची बायको आयलीन तिथं राहायला गेले, तीन वर्षं राहिले. १९७२ च्या जानेवारीत कंपनीच्या माणसांनी स्मिथला इतकं मारलं की त्याची दृष्टी अधू झाली. त्याचा एक फोटो जगाला माहीत आहे, आई आपल्या अपंग लेकीला न्हाऊ घालतेय. आईनंच होकार दिला होता, जगाला कळावं म्हणून. जगाला कळलं. ती मुलगी १९७७ साली गेली. फोटो मात्र थांबेना. पत्रकांवर, पुस्तकांत, प्रदर्शनांत. शेवटी आईबापाला वाटलं, आता पोरीला विसावा द्या. १९९८ साली आयलीननं त्या फोटोचा निर्णय आईबापाच्या हाती सोपवला आणि नव्यानं छापायला देणं बंद केलं. म्हणून त्या मुलीचं नाव मी इथं घेत नाही. फोटो काढणारीनं जगातला एवढा मोठा फोटो मागं घेतला, मित्रांनो. होकार एकदाच घेऊन पेटीत बंद करायचा नसतो, हे मी तिच्याकडून घेतलं.

तेव्हा मेलेल्याचा होकार कोण देणार? त्याच्या बायकोला हा फोटो दर वर्षी आपल्या प्रदर्शनात बघायचा आहे काय? तिला विचारू. ती म्हणाली लावा, तर मी माझा विरोध मागं घेतो. आपण ठरवायचं नाही.

जिवंत माणसाचंही तेच. ठेक्यावरच्या पोराचा चेहरा छापला आणि खाली त्यानं सांगितलेला खरा पगार लिहिला, तर दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन वाजायचा बंद होईल. कोणी त्याला काढलं असंही नाही, फक्त बोलावलं नाही. मग नावाचं काय? मी मघापासून नाव-नाव करतोय. तर नाव वहीत लिहायचं, सगळ्यांचं, न चुकता. भिंतीवर लावायचं की नाही ते ज्याचं त्यानं सांगायचं. ज्याला चेहरा नको त्याचे हात घ्या, डबा घ्या. आणि गोदीत फक्त आपलेच लोक नाहीत. उत्तर प्रदेशचे, बिहारचे आहेत, मुसलमान आहेत. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचं, निळा झेंडा आधी पुढं करून नाही.

शेवटचं काम निवडीचं, आणि तिथंच गोष्ट पळवली जाते. १९४८ साली पार्क्सनं हार्लेममधल्या टोळीचा म्होरक्या रेड जॅक्सन याच्यावर लाइफसाठी काम केलं. शेकड्यांनी फोटो काढले, छापले एकवीस. निवडले संपादकांनी. मारामारी, भीती, अंधार पुढं आला, घरातले शांत क्षण बहुतेक मागं पडले. मासिक वाचणाऱ्यानं गुंड पाहिला. २०१३ साली न्यू ऑर्लिन्सच्या संग्रहालयानं छापलेले आणि न छापलेले फोटो शेजारी मांडले तेव्हा लोकांना कळलं की त्याच पोराची दुसरी गोष्टही फिल्मवर होती. फोटो पार्क्सचे, गोष्ट संपादकाची.

म्हणून निवड आपण करायची, पण एकट्यानं नाही. सगळे फोटो स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढे छापून घ्यायचे, वर्गणीतून होईल. इथंच फरशीवर पसरायचे. ज्यांचे फोटो आहेत त्यांना बोलवायचं. त्यांनी म्हणायचं हा आधी, हा नंतर, हा काढून टाका. मासिकातल्या मित्रांनी त्या दिवशी तोंडाला कुलूप लावायचं.

प्रदर्शन कुठं ते ठरलं नाही. कोणी म्हणतं काळा घोडा. माझं म्हणणं, पहिलं वस्तीत, मग गेटाजवळच्या भिंतीवर, मग जिथं बोलावतील तिथं. तारीख १४ एप्रिल धरा. जयंती तर आहेच. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, अर्धी गोदी जळाली. आग विझवताना गेलेल्या ६६ जवानांची आठवण दर वर्षी काढतात, काढायलाच पाहिजे. त्या दुपारी गोदीत कामावर असलेल्या हमालांपैकी किती जणांची नावं आपल्याला येतात? ज्यांच्या घरात त्यातलं कोणी होतं, त्यांनी आजी-आजोबांना आजच विचारा. एखादा जुना फोटो, एखादं कार्ड, काहीही. तेही भिंतीवर लागेल.

रविवारी सकाळी सहाला बसस्टॉपवर भेटू. कॅमेरा कोणी आणायचा नाही, पहिले दोन रविवार नुसतं बोलायचं आणि लिहायचं. वही दारापाशी ठेवली आहे. यायचं आहे त्यांनी जाताना आपलं नाव लिहा, आणि त्यापुढं घरातल्या गोदी कामगाराचं, जिवंत असो की गेलेला.